पुणे वगळून

पुणे जिल्हा वगळून सर्वेक्षणाचा तक्ता करायचा, एवढेच काम होते. आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेत डीप्लायर नावाचे जोड-पॅकेज आहे, त्याच्या ओळी निवडणाऱ्या ‘फिल्टर’मध्ये ‘जिल्हा पुणे नसावा’ अशी अट घातली आणि छापील तक्ता बैठकीत ठेवला. तेथे लेखा विभागाचे एक ज्येष्ठ गृहस्थ होते. संगणकावर त्यांचा विश्वास नाही, वजाबाकीवर मात्र नितांत श्रद्धा आहे.

“एकूण १०००, त्यांत पुण्याचे ३००. मग ७०० उरायला हवेत. ६२०च कसे?”

“८० जणांचा जिल्ह्याचा रकाना कोरा आहे.”

“म्हणजे ते पुण्याचे?”

“माहीत नाही.”

“मग पुण्याचे नाहीत?”

“तेही माहीत नाही.”

“मग काढले कशाला?”

“मी नाही काढले, आरने काढले.”

“हे आर कोण? आपल्याकडे कधी रुजू झाले?”

सगळे हसले, मला अजून हसू आलेले नाही. आरच्या लेखी कोरी नोंद म्हणजे ‘एनए’, आणि ती पुण्याहून वेगळी आहे का, याचेही उत्तर ‘एनए’च येते, फिल्टर मात्र ठाम ‘होय’ म्हणणाऱ्यांनाच ठेवून घेतो. तर्क बिनचूक असेलही. पण ८० माणसे घराबाहेर काढताना पडद्यावर एका ओळीची सूचना द्यायला काय जात होते? ऑकलंडला रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेल्या या भाषेची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. चार वर्षांतून एकदा वाढदिवस येणाऱ्याकडून रीतभात ती किती अपेक्षावी!

मग फिल्टर सोडून आरच्या मूळ चौकटी कंसांत तीच अट घातली. ओळी बरोब्बर ७०० आल्या, पण त्या ८० जणांचे वय, शिक्षण, उत्पन्न, सगळेच ‘एनए’ होऊन बसले होते. गृहस्थांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “माणसे परत आली खरी, पण स्मृती गेलेली दिसते.”

अखेर अटीला ‘किंवा रकाना कोरा असावा’ असे शेपूट जोडले आणि ७०० जण शाबूत मिळाले. तेव्हा एक जिल्हा वगळायचा तरी हे शेपूट हाताने लिहावे लागे, आणि एखादा व्यवसाय वगळायचा झाला की त्या रकान्यासाठी पुन्हा वेगळे; डीप्लायरच्या १.२.० आवृत्तीत ‘फिल्टर_आउट’ आले, ते कोऱ्या नोंदींना हात न लावता नेमके नको तेवढेच वगळते. शिवाय ते गृहस्थ हल्ली माझ्या प्रत्येक तक्त्याखाली पेन्सिलीने वजाबाकी मांडतात.