पान पिवळं? आधी कुठलं ते सांगा

सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा आलेला मेसेज: "पान पिवळं म्हणजे मॅग्नेशियम कमी. दर आठवड्याला दोन चमचे एप्सम सॉल्ट टाका, सोबत अंड्याची टरफलं आणि गंजके खिळे. पंधरा दिवसांत सगळी पानं हिरवीगार."

मॅग्नेशियम कमी असेलही, पण पिवळं झालंय कुठलं पान? नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं. म्हणून ते कमी पडले की खालची पानं आधी पिवळी होतात. नत्र असेल तर अख्खं पान, मॅग्नेशियम असेल तर शिरांमधला भाग. लोह असं हलत नाही. माझ्या इंदिरानगरच्या गच्चीवरच्या जास्वंदीची शेंड्याची पानं मार्चात लिंबाच्या सालीसारखी पिवळी झाली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाचं दुखणं. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम आणि गंधक आहे, लोह नाहीच.

मातीत लोह नसतं असंही नाही. चुनखडी जास्त असली की ते मुळांना घेता येत नाही. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना हे ठाऊक असतं, ते देठ परीक्षण (पानांच्या देठांची प्रयोगशाळेत तपासणी) करून मग खत ठरवतात. आपण निदान सुक्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाकून बघावं. माझी माती सोड्यासारखी फसफसली, म्हणजे चुनखडी आहेच. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कुंडीच्या काठावर होताच.

अशा मातीत टरफलं टाकणं म्हणजे चुन्यात चुना; ती विरघळतही नाहीत. टोमॅटोचं बूड काळं पडू नये म्हणून कॅल्शियमसाठी टरफलं टाकतात, पण ते काळं पडतं ते बहुतेकदा पाणी कधी कमी, कधी जास्त झाल्यानं. वर मॅग्नेशियमचा मारा केला तर कॅल्शियम आणखीच कमी घेतलं जातं. खिळ्यांचं म्हणाल तर कुंडी उकरताना बोटाला टोचतात, एवढंच.

जास्वंदीला मी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारलं. मातीत द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट घ्यावं; चिलेट म्हणजे लोह मुळांना घेता येईल असं धरून ठेवणारं खत. स्वस्तातलं ईडीटीए चुनखडीत टिकत नाही. नवी पालवी हिरवी आली. जुनी पानं काही पूर्ण सुधारली नाहीत.

एप्सम सॉल्टशी माझं वैर नाही. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंडीत खालची पानं शिरांमध्ये पिवळी दिसली तर जरूर फवारा.

पण परवा शेजारच्या काकूंचा मोगरा सगळाच पिवळा पडला होता. कुंडी तिरकी केली, तर खालचं भोक मातीनं बुजलेलं. काडी घातली आणि आंबूस वासाचं पाणी माझ्या चपलेवर आलं. काकूंच्या हातातली एप्सम सॉल्टची पुडी अजून फोडायची होती.