टेस्टर पेटला नाही म्हणून वायरीला हात लावू नका

"वायरमन कशाला, घरीच सॉकेट चेक करा" असा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार गोष्टी आहेत: टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, दोन्ही भोकांत पेटला तर डबल फेज आलाय, बटण बंद असून व्होल्ट मोजायचा मीटर ७०-८० व्होल्ट दाखवत असेल तर मीटर खराब, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये शून्य आलं की अर्थिंग एक नंबर. मी रोज वायरिंगचीच कामं करतो, आणि हे वाचून मला खरंच भीती वाटली.

पहिलं, टेस्टर. त्यातला छोटा निऑन दिवा पेटायला थोडासा करंट तुमच्या अंगातून जमिनीत जावा लागतो, मधे मोठा रेझिस्टर असतो म्हणून झटका बसत नाही एवढंच. पायात रबरी चप्पल, खाली प्लास्टिकचं स्टूल आणि खिडकीतून ऊन आलं की फेज असूनही दिवा दिसतच नाही. म्हणून आधी चालू सॉकेटवर टेस्टर बघायचा, मग संशय असलेल्यावर, मग परत चालूवर, आणि वायरीला हात लावायचाच असेल तर मेन पाडूनच.

डबल फेज म्हणतात ते बहुतेक वेळा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटलेला असतो. टीव्ही, पंखा काहीतरी चालू राहिलेलं असतं, त्यातून फेज फिरून न्यूट्रलच्या भोकात येतो. सगळे प्लग काढा, बटणं बंद करा, तिथला दिवा विझला तर न्यूट्रलच शोधा. आणि घरातले दिवे एकदम जास्तच उजळ झाले तर शोधत बसू नका, आधी मेन बंद करा, कारण बिल्डिंगच्या थ्री फेजचा न्यूट्रल गेला तर २३० च्या जागी ४०० च्या जवळपास येऊ शकतं.

आता ते ७०-८० व्होल्ट. मीटर बरोबर आहे हो. बंद वायर चालू वायरीला चिकटून एकाच पाइपातून जाते, त्यामुळे तिच्यावर थोडं व्होल्टेज चढतं, आणि डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही म्हणून तेवढंही दाखवतो. होल्डरला साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून फेज-न्यूट्रलमध्ये जोडा, एलईडी नको, आणि बल्ब लावलेला असतानाच मीटर बघा. आकडा शून्याजवळ आला तर ते भुताचं व्होल्टेज, म्हणजे मीटरवर नुसतं दिसणारं. बटण चालू करून नुसतं २३० येतं आणि इस्त्री लावली की १६०, तर कुठेतरी स्क्रू ढिला आहे. पण हा बल्ब फेज-अर्थिंगमध्ये कधीच लावू नका, अर्थिंग पुढे तुटलेलं असेल तर त्या वायरीवरच्या सगळ्या वस्तूंच्या बॉडीत करंट उतरेल.

चौथी गोष्ट सगळ्यात वाईट. मावशीच्या किचनमध्ये फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थिंग २३१, न्यूट्रल-अर्थिंग ०.०. मावशी खूश, म्हणाली वायरमनने झकास काम केलंय. मी त्याच बोर्डावर दीड हजार वॅटची किटली लावली, तरी ०.०. इथेच कळायला पाहिजे, कारण लोड आला की न्यूट्रलच्या वायरीत थोडंतरी व्होल्टेज पडतंच, आणि अर्थिंगची वायर वेगळी असेल तर मीटरवर एखादा व्होल्ट दिसायलाच हवा. मेन पाडून बोर्ड उघडला तर न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थिंगच्या टर्मिनलवर बोटभर वायरीचा तुकडा मारलेला. तो न्यूट्रल मागे कुठे सुटला असता तर फ्रिजच्या दारात सरळ फेज आला असता. घरात आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर अशा तुकड्यामुळे ती सारखी पडते, आणि मग लोक आरसीसीबीच काढून टाकतात, कृपा करून असं करू नका.

खरी हिरवी वायर बॉक्सच्या मागे गुंडाळून ठेवली होती, मेन बोर्डापर्यंत तपासली, नीट होती. तुकडा काढला, ती जोडली, परत किटली लावली. मीटरवर १.४ आलं, तेव्हा बोर्ड बंद केला.