समजलं तर लेख फसला

लेख, अहवाल, सूचना, अर्ज, काहीही लिहायला बसण्यापूर्वी एक पथ्य पाळा: हे आपण कशासाठी लिहितोय, हा प्रश्न मनाला शिवूही देऊ नका. माहिती द्यायची आहे, काही पटवायचंय, की समोरच्याकडून काम करून घ्यायचंय, हे एकदा ठरलं की मजकूर निम्म्यावर येतो. मग तुमच्या व्यासंगाचं लोणचं घालायचं का?

आग विझवायच्या लाल नळकांड्यावर काय असतं ते बघा. पिन ओढा. नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा. दांडा दाबा. डावीकडून उजवीकडे फिरवा. संपलं! लिहिणाऱ्याला केवढी संधी होती. अग्नी आणि मानवी संस्कृती यावर एक छान उतारा बसला असता, पिन तिसऱ्या परिच्छेदात आली असती. पडदे पेटलेले असताना वाचायला वेळ नसतो, ही वाचकाची सबब झाली.

आमच्या इमारतीच्या सचिवांनी मात्र निराश केलं नाही. टाकी धुवायची होती, म्हणून फळ्यावर नोटीस लागली. सुरुवात 'पाणी हेच जीवन' इथून. मग स्वच्छतेचं आरोग्यदृष्ट्या महत्त्व, मग मागच्या सभेतला ठराव, मग 'सदर कामी सर्व सभासदांचे सहकार्य अपेक्षित आहे'. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: 'उपरोक्त कारणास्तव उद्या सकाळी 7 ते दुपारी 2 पाणीपुरवठा खंडित ठेवण्यात येईल.' मी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचलं, मान डोलावली आणि घरी गेलो. सकाळी डोक्याला शाम्पू फासलेला असताना नोटिशीतलं पहिलं वाक्य मला पुरतं उमगलं.

त्या 'ठेवण्यात येईल'वरून शिकण्यासारखं आहे. कोण ठेवणार? कर्ता गायब करायची ही सोय हाताशी असताना 'मी फाईल हरवली' असं लिहिणाऱ्याची कीव येते. 'सदर नस्ती गहाळ झाल्याचे निदर्शनास आले आहे' असं लिहा. नस्ती स्वतःच्या पायांनी निघून गेली, आपण नुसते साक्षीदार.

कामाची गोष्ट तळाशी पुरण्याची विद्या नळापुरतीच आहे असं समजू नका, ती अंतराळापर्यंत पोचली आहे. 16 जानेवारी 2003 ला 'नासा'चं कोलंबिया हे अंतराळयान झेपावलं तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज व्यवस्थापकांपुढे मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. खाली मुद्दे, मुद्द्यांच्या पोटात उपमुद्दे, त्यांच्याही पोटात आणखी. 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द पाच वेळा, पण म्हणजे नक्की किती ते गुलदस्त्यात. आणि अगदी शेवटच्या ओळीत: ज्या जुन्या चाचण्यांवर हा अंदाज बेतला होता त्यांतला तुकडा 3 घनइंचांचा, आदळलेला 1920 घनइंचांचा. म्हणजे 640 पट. त्या चाचण्या या तुकड्याबद्दल काहीच सांगू शकत नव्हत्या, आणि हेच मथळ्यात असायला हवं होतं. 1 फेब्रुवारीला परतताना यानाचे तुकडे झाले, सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाच्या अहवालात त्या स्लाइडवरही लिहिलं गेलं. इथे मला उपरोध जमत नाही, म्हणून पुढे जातो.

तुमचं लिखाण एखाद्याला एका वाचनात कळलंच, तर खचू नका. दोनचार 'तथापि' आणि एखादं 'अनुषंगाने' पेरा, वाक्याचं क्रियापद पुढच्या पानावर ढकला. 'म्हणजे नेमकं काय करायचं?' असं कुणी विचारलं की समजा, जमलं.

त्या दिवशी दुपारी, केसांतला फेस वाळून कडक झालेला, मी सचिवांचं दार ठोठावलं. म्हटलं, "पाणी जायची वेळ पहिल्या ओळीत लिहिली असती तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अहो, वेळ वरच लिहिली तर खालचं कोण वाचणार?"