सोडतीत नाव जरूर द्या

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपवरून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडणं हा पोरखेळ आहे, लायक माणसं निवडणुकीनेच मिळतात. चिठ्ठ्याही शाळा हव्या त्याच काढते. मुख्याध्यापकच अध्यक्ष, त्यामुळे पालकांचं काही चालत नाही. समिती वर्षाने बदलते, कामकाज कळायच्या आत मुदत संपते. आणि फी शेवटी संस्थाच ठरवते. शेवटची ओळ ठळक अक्षरांत आहे: ‘म्हणून कुणीही नाव देऊ नका.’

मी एक वर्ष या समितीत काम केलंय. ही शेवटची ओळ किती नुकसान करते ते मला माहीत आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गल्लत दूर करू. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. मेसेज तिच्याबद्दल नाही. तो आहे खाजगी शाळांतल्या पालक-शिक्षक संघाबद्दल, आणि तिथे महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा लागू होतो. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत संघ स्थापन करायचा, प्रत्येक पालक आणि प्रत्येक शिक्षक त्याचा सदस्य, आणि कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडतीने, असं त्या कायद्यातच लिहिलंय.

आता ‘लायक माणसं निवडणुकीनेच मिळतात’ हे. शाळेतले पालक एकमेकांना ओळखतात किती? फाटकापाशी दिसलेले चेहरे, ग्रुपवरची नावं, एवढंच. अशा ठिकाणी मतदान घेतलं तर ज्याची ओळख मोठी, ज्याच्यामागे एखादा पक्ष किंवा सोसायटी, तोच येणार. शिफ्टमध्ये नोकरी करणारी आई प्रचार कधी करणार? सोडतीत तिला फक्त एक फॉर्म भरून द्यावा लागतो. शिवाय कोण येणार हे शाळेलाही आधी कळत नाही, त्यामुळे कुणाला आधीपासून खूश करून ठेवायची सोय राहत नाही.

आणि लायकीचंच म्हणाल, तर आमच्या समितीत घरगुती मेस चालवणाऱ्या एक ताई होत्या. पहिल्या दोन बैठका त्या गप्पच होत्या. फीचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी बोट ठेवून विचारलं, “सर, संगणक प्रयोगशाळेत तीस संगणकांची देखभाल धरलीय, आणि डिजिटल शिक्षणात परत तीस संगणक. हे वेगळे आहेत का?” वेगळे नव्हते. एक रक्कम कापावी लागली. त्याच खोलीत एक पदवीधर लेखापाल बसले होते, त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. रोजचा किराणा लिहून ठेवणाऱ्या बाईंच्या आलं.

चिठ्ठ्यांमधल्या लबाडीचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. लबाडी होऊ शकते, पण ती डब्यात फारशी होत नाही, डब्याच्या आधी होते. सूचना एकाच दिवसापुरती लागते, फॉर्म ‘मिळालाच नाही’ असं सांगितलं जातं. म्हणून फॉर्म देताना पोच घ्या किंवा ईमेलने पाठवा. सोडतीच्या वेळी प्रत्येक इयत्तेचे किती इच्छुक आहेत ते मोठ्याने वाचायला सांगा, आणि चिठ्ठी एखाद्या लहान मुलाला काढू द्या. आमच्या वेळी सातवीच्या तीन तुकड्या मिळून दोनच फॉर्म होते. चौथीतल्या मुलीने स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढली, तिच्यावर माझं नाव निघालं. तेवढ्यात मागून एक बाबा म्हणाले, “उरलेली पण उघडून दाखवा ना.” शिक्षिकांनी उघडली, दुसरं नाव होतं, सगळ्यांचं समाधान झालं. हे प्रत्येक शाळेत मागावं. समितीची यादी पंधरा दिवसांत सूचना फलकावर लागायला हवी, तिचा फोटो काढून ठेवा.

मुख्याध्यापक अध्यक्ष असतात हे खरं आहे. पण उपाध्यक्ष पालकच असतो आणि प्रत्येक इयत्तेचा पालक समितीत बसतो. खुर्चीवर कोण यापेक्षा इतिवृत्तात काय लिहिलं गेलं ते महत्त्वाचं. तुमचा विरोध त्यात नोंदवला की नाही हे वाचून मगच सही करा, एवढं पाळलं तरी पुष्कळ आहे.

एका वर्षाची मुदत कमी पडते, हे मलाही पटतं. त्यातून एकदा समितीत आलेल्या पालकाला पुढची तीन वर्षं सोडतीत उतरता येत नाही. मला हे आधी अन्यायाचं वाटलं होतं. पण तेच ते चारजण वर्षानुवर्षं बसलेत, मुलांना स्नेहसंमेलनात पुढचा नंबर मिळतोय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या अटीचं कारण सांगावं लागणार नाही. उपाय साधा आहे: जाताना फाइल द्या. आम्ही प्रस्तावाच्या प्रती, विचारलेले प्रश्न आणि आलेली उत्तरं एका फोल्डरमध्ये घालून नव्या सदस्यांकडे सोपवली.

राहिली फी. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव संस्थेने किमान सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो आणि त्याला समितीची मंजुरी लागते. मतभेद मोठे असतील तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. म्हणजे संस्थेला वाटलं आणि फी वाढली, असं कायद्यात नाही. तसं होतं तेव्हा बहुतेक वेळा समितीने प्रस्ताव न वाचता सही केलेली असते.

आणि नाव कुणी दिलंच नाही तर समिती रिकामी राहत नाही. माझ्यानंतरच्या वर्षी हाच मेसेज जोरात फिरला होता. आठवीतून एकही फॉर्म आला नाही. शाळेने ओळखीच्या एका पालकांना फोन करून बोलावलं, इतर दोन इयत्तांतही तसंच झालं. फीच्या बैठकीचं आमच्या वर्षीचं इतिवृत्त सहा पानांचं होतं. त्या वर्षीचं चार ओळींचं आहे.