कूलरसमोरची जागा

आमच्या जळगावच्या घरात कूलर एकच. मे महिन्यात त्याच्यासमोर कोण झोपतं, त्यावरून ज्याची त्याची घरातली पत कळते. पूर्वी ती जागा माझी होती. आता तिथे कुंडी असते.

कुंडीत रेक्स बेगोनिया, रंगीत पानांचं शोभेचं झाड. डिसेंबरात नाशिकहून आणला तेव्हा एकेक पान पैठणीच्या पदरासारखं होतं: मधे वांगी, भोवती चांदी, काठाला हिरवं. पानाच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "वाकडं शे."

हा मूळचा आसामच्या ओल्या रानातला. तिथून ऑर्किडच्या मुळांना चिकटून चुकून इंग्लंडला पोचला आणि 1857 साली, इकडे बंड पेटलेलं असताना, तिकडे युरोपात त्याला 'रेक्स' म्हणजे राजा हे नाव मिळालं. राजाला वीस-बावीस अंश मानवतात. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो.

याच्या आधीचा राजा आमच्या काळ्या मातीने गिळला होता. जी माती कापसाला आणि केळीला पोसते, ती पाणी धरून बसते आणि याची गाठ कुजते. म्हणून याला कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, मूठभर परलाइट. मार्चमध्ये पानांच्या कडा वाळल्या. पानं ओली ठेवावीत म्हणून मी दिवसातून चारदा फवारा मारला, तर वर पांढरी भुरी आली. केळीवाले मामा आले, पान उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "करपा शे. फवारणी कर." मग विचारलं, "याले फळ काय लागस?" काहीच लागत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटी कळलं, त्याला पानावर पाणी नको, हवेत ओल हवी. जळगावात हवेत ओल कुठे? फक्त कूलरपाशी. तीही थेट झोतात नाही, जरा बाजूला. मी अंगणात खाट टाकली.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, सोबत भाऊजी. आमरस-मांडे झाले, दुपारी भाऊजी कूलरच्या दिशेने निघाले. मी घाईने म्हणालो, "तिथे नको, तिथे बेगोनिया आहे." जेवणघरातून आईचा आवाज आला, "जवाई कोन शे रे, हाऊ का ते झाड?"

भाऊजी सज्जन माणूस. त्यांनी स्वतःच कुंडी जरा सरकवली आणि सगळ्यात मोठं पान देठासकट त्यांच्या हातात आलं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. भाऊजी रात्रीच्या गाडीने जायचं म्हणू लागले.

मी ते पान घेतलं, मागच्या जाड शिरांना ब्लेडने चिरा दिल्या आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओल्या वाळूवर पालथं न घालता सरळ टेकवलं. वर झाकण. डबाही कूलरच्या बाजूलाच, हे सांगायला नको.

आषाढात एकेका चिरेतून नखाएवढी रोपं निघाली. पाच. मी आनंदाने ताईला फोन लावला. आईने डब्यात डोकावून बोटांवर मोजलं, मग खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं आणि म्हणाली, "आते तू गच्चीवर झोप."