‘रास्पबेरी पाय म्हणजे खेळणे’ या दाव्याची झडती

रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या संगणकावर संख्यात्मक गणन (म्हणजे समीकरणे आणि मॅट्रिक्स आकड्यांनी सोडवणे) करता येत नाही, असे सांगणारा एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यात चार कारणे दिलेली असतात: मॅटलॅब (अशा गणनासाठी विकत मिळणारे सॉफ्टवेअर) चालत नाही, वेग अगदीच कमी आहे, मेमरी पुरत नाही आणि त्यातला एआरएम जातीचा प्रोसेसर उत्तरेच चुकीची देतो.

पहिले विधान खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. मॅटलॅब पायवर बसवता येत नाही. मात्र त्याच कामाची मोफत साधने, म्हणजे ऑक्टेव्ह आणि पायथन भाषेतल्या नमपाय व सायपाय या लायब्ऱ्या, सहज बसवता येतात, आणि मॅथेमॅटिका ही गणिती प्रणाली तर नोव्हेंबर २०१३ पासून वैयक्तिक वापरासाठी पायवर मोफत दिली जात आहे. ऑक्टेव्हची भाषा मॅटलॅबला इतकी जवळची आहे की अभ्यासक्रमातले साधे प्रोग्रॅम बहुधा जसेच्या तसे चालतात.

वेगाची तक्रार बहुतेक वेळा २०१२ च्या पहिल्या पायच्या आठवणीवर उभी असते. त्यात ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर (प्रोसेसरमधला गणन करणारा गाभा) होता. २०२३ च्या पाय ५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचे चार आहेत. शिवाय मॅट्रिक्सचा गुणाकार ऑक्टेव्ह स्वतः करत नाही, तो ब्लास नावाच्या लायब्ररीकडे सोपवतो. तिथे ब्लासची मूळ संदर्भ-आवृत्ती बसलेली असेल तर एकच कोअर राबतो आणि बाकीचे तीन बसून राहतात. ओपनब्लास ही सगळे कोअर वापरणारी आवृत्ती बसवून तोच गुणाकार पुन्हा केल्यास वेळ कित्येक पटींनी घटतो. ही चाचणी न करता संगणकाला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

मेमरीचा हिशेब कागदावरही मांडता येतो. दुहेरी अचूकतेच्या (सुमारे १६ अंकांपर्यंत नेमक्या) एका संख्येला ८ बाइट लागतात, म्हणजे १,००० × १,००० च्या मॅट्रिक्सला ८० लाख बाइट आणि १०,००० × १०,००० च्या मॅट्रिक्सला ८० कोटी. दुसरे मॅट्रिक्स १ जीबीच्या पायवर सोडवणे अशक्यच, कारण सोडवताना त्याची आणखी एक प्रत लागते. ४ जीबीच्या पायवर ते बसते. पण उष्णतावहनासारख्या एकमितीय समीकरणातून १० लाख अज्ञातांची प्रणाली निघाली, तर तिच्या प्रत्येक ओळीत जेमतेम तीन शून्येतर संख्या असतात. ती विरळ स्वरूपात, म्हणजे फक्त शून्येतर संख्या आणि त्यांच्या जागा, साठवली की सुमारे ५.५ कोटी बाइटांत मावते, आणि पूर्ण स्वरूपात साठवायची म्हटली तर ८ लाख कोटी बाइट लागतील, जे दावा करणाऱ्यांच्या महागड्या लॅपटॉपलाही झेपणार नाहीत.

चौथे विधान सर्वांत गंभीर, आणि त्याच्या मुळाशी एक अर्धसत्य आहे. जुन्या ३२-बिट एआरएमवरचे निऑन हे एकाच वेळी अनेक संख्या हाताळणारे एकक केवळ एकेरी अचूकतेत काम करते आणि अतिसूक्ष्म संख्या सरळ शून्य धरते, म्हणजे आयईईई ७५४ हे संगणकातल्या अपूर्णांकी गणिताचे मानक पूर्णपणे पाळत नाही. दुहेरी अचूकतेचे गणित मात्र तिथेही वेगळ्या एककात होते, आणि ६४-बिट एआरएममध्ये निऑन स्वतःच दुहेरी अचूकतेत मानकाप्रमाणे चालते. तरीही लॅपटॉपच्या आणि पायच्या उत्तरांतले शेवटचे एकदोन अंक जुळत नाहीत, हा अनुभव खरा आहे. ६४-बिट एआरएमसाठी जीसीसी हा कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) सहसा गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करून एकदाच पूर्णांकन (शेवटचा अंक जवळच्या मूल्यावर आणणे) करतो, तर सर्वसाधारण इंटेल प्रोसेसरसाठी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये ते दोनदा होते. म्हणजे वेगळे आलेले उत्तर कित्येकदा पायचेच अधिक अचूक असते. अंक एवढ्याने हलत असतील आणि निष्कर्षच बदलत असेल, तर आधी मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर, म्हणजे छोटी चूक उत्तरात किती पटींनी वाढू शकते ते सांगणारा आकडा, पाहावा.

दाव्यात नसलेली, पण खरी असलेली एक अडचण सांगणे आवश्यक आहे. चारही कोअर दीर्घकाळ राबले की पाय तापतो आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग उतरवू लागतो. म्हणून वेग मोजताना पंखा किंवा हीटसिंक लावलेला असावा. नाहीतर पहिल्या मिनिटाचे आणि दहाव्या मिनिटाचे आकडे वेगवेगळे येतील.