राणीछाप रुपया आणि लोहचुंबक : खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर व्हिक्टोरिया राणीची छबी असलेल्या जुन्या चांदीच्या रुपयाबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘१८६२चा राणीछाप रुपया लाखाला जातो. चुंबक चिकटला नाही की अस्सल. चिंचेने घासून चकचकीत करा, भाव वाढतो.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या.

पितळ, तांबे, जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल, जस्त यांचा मिश्रधातू; यात चांदी नसते) यांनाही चुंबक चिकटत नाही. चिकटला तर नाणे चांदीचे नाही, एवढेच कळते. खरी पारख वजनाची. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना तोळा (सराफाचा आजचा १० ग्रॅमचा नव्हे), चांदी ९१.७ टक्के. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, नाणे दोऱ्याने पाण्यात अधांतरी बुडवा. १.१ ग्रॅमच्या आसपास दाखवले तर ठीक. जर्मन सिल्व्हर त्याच वजनाला १.३च्या पुढे जाते.

१८६२ हे साल तर १८७४पर्यंतच्या रुपयांवर तसेच छापत राहिले. म्हणून ही नाणी देव्हाऱ्यांतून आजही निघतात. फार झिजलेल्याला बहुधा चांदीचाच भाव येतो.

आणि चिंच, राख, रांगोळी कृपा करून लावू नका! घासलेल्या नाण्याचा दर्जा संग्राहक लगेच खाली धरतात. काळसर थर राहू द्या. मुकुटाची, झग्याची नक्षी किती शाबूत आहे ते बघा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.